गाय भरवायची तर कोणत्या मात्रेने? ‘टक्के रक्त’, ‘ए-२’ आणि ‘कालवडच होणार’ या दाव्यांचे परीक्षण

मराठवाड्यात गोठ्यावर येऊन मिळणाऱ्या गोठित रेतमात्रा, म्हणजे कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले वळूचे वीर्य, सध्या चार तऱ्हांच्या आहेत. पहिली देवणी किंवा लाल कंधारीची देशी मात्रा. दुसरी शुद्ध होल्स्टिन (एचएफ) किंवा जर्सीची. तिसरी संकरित वळूची, जिच्यावर वा जिच्या माहितीपत्रकात ‘५० टक्के’ असे लिहिलेले असते. चौथी लिंगवर्गीकृत, म्हणजे ‘कालवडच होणार’ असे सांगून दिली जाणारी.

आधी निकाल सांगतो. देशी मात्रा पैसे वसूल करते, पण वळू बदलत राहिला तरच. शुद्ध विदेशी मात्रा गावरान गाईला पहिल्या पिढीत चांगली, दुसऱ्या पिढीत चारा-पाणी मोजून घ्यावी. लिंगवर्गीकृत मात्रा निरोगी, वेळेवर माजावर येणाऱ्या कालवडीला जरूर द्यावी, उलटणाऱ्या, म्हणजे भरूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या, गाईला मुळीच देऊ नये. आणि ‘५० टक्के’ या शिक्क्याइतका गैरसमजाने विकला जाणारा शिक्का या धंद्यात दुसरा नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात असो की माळेगावच्या यात्रेत, संकरित गाईचा सौदा एका प्रश्नाने सुरू होतो: “किती टक्क्याची?” उत्तरही ठरलेले: “पंचाहत्तर टक्के एचएफ रक्त आहे, पाव्हणं.” या ‘रक्ता’चा शरीरातल्या रक्ताशी संबंध नाही. वारसा जातो तो गुणसूत्रांतून. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रे, म्हणजे ३० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक बापाकडून. जनुके या गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात. ‘टक्के रक्त’ म्हणजे वासराच्या जनुकांपैकी किती भाग विदेशी पूर्वजांकडून आला, याचा कागदावरचा हिशेब. आईचे टक्के आणि बापाचे टक्के मिळवा, दोनाने भागा, झाला आकडा.

गावरान गाय (०) आणि शुद्ध एचएफ वळू (१००) यांचे वासरू ५० टक्क्यांचे. त्या ५० टक्क्यांच्या गाईला पुन्हा शुद्ध एचएफ दिला तर ७५, त्यापुढे पुन्हा तोच दिला तर ८७.५. आता माहितीपत्रकात ‘५० टक्के’ लिहिलेली संकरित वळूची मात्रा घ्या. हा आकडा वळूचा आहे, होणाऱ्या वासराचा नाही. गावरान गाईला ती दिली तर वासरू २५ टक्क्यांचे होते, ५० टक्क्यांच्या गाईला दिली तर ५० चे आणि ७५ टक्क्यांच्या गाईला दिली तर ६२.५ चे. ‘पन्नासची मात्रा दिलीय, पन्नासची कालवड होईल’ असे गावरान गाईच्या मालकाला सांगितले जाते तेव्हा त्याचा निम्मा हिशेब तिथेच चुकलेला असतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि तिच्याबद्दल विकणारे सहसा बोलत नाहीत. कागदावर ५० टक्के असलेल्या दोन गाई एकसारख्या असतीलच असे नाही. शुद्ध एचएफ आणि गावरान यांच्या थेट संकरातून आलेल्या कालवडीत प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र विदेशी आणि एक देशी असते. अपवाद नाही. त्यामुळे अशा सगळ्या कालवडींत खरोखरच निम्मा वाटा असतो आणि संकर-जोमही पुरेपूर मिळतो: वाढ बरी, काटकपणा बरा, दूधही आईपेक्षा कितीतरी जास्त. पण ५० टक्क्यांचा वळू आणि ५० टक्क्यांची गाय यांच्या वासरात पत्ते पुन्हा पिसले जातात. कोणत्याही एका जागेवर दोन्ही विदेशी जनुके येण्याची शक्यता पाव, दोन्ही देशी येण्याची पाव आणि मिश्र जोडीची निम्मी. सरासरी ५० च राहते, पण संकर-जोम निम्म्यावर येतो आणि वासरे एकमेकांसारखी निघत नाहीत. एक आजीवर जाते, एक आजोबावर. एकाच मात्रेच्या दोन सख्ख्या बहिणींत एक दहा लिटरची आणि एक चार लिटरची निघाली की दोष डॉक्टरला दिला जातो, पण तो डॉक्टरचा नसतो, दुसऱ्या पिढीचा स्वभावच तो आहे. ७५ टक्क्यांच्या गाईतही हेच. तिथे ७५ ही सरासरी असते, प्रत्येक गाईत आकडा थोडा खालीवर असतो.

मग संकरित वळूच्या मात्रेचा उपयोग काय? ७५ टक्क्यांच्या वर गेलेल्या, उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या गाईंची पुढची पिढी खाली उतरवण्यासाठी ती चांगली आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. टँकरच्या पाण्यावर आणि पत्र्याच्या गोठ्यात ८७.५ टक्क्यांची गाय पोसणे म्हणजे दुधाचे पैसे औषधाला. तिथे पुढच्या पिढीत ६८.७५ वर परत येणे शहाणपणाचे. पहिल्यांदाच संकर करणाऱ्याने मात्र शुद्ध वळूचीच मात्रा मागावी.

हाच हिशेब उलट्या दिशेनेही लागू आहे. कोणत्या जातीची हे सांगता न येणाऱ्या गावरान गाईला देवणीची एक मात्रा दिली म्हणून कालवड देवणी होत नाही, ती अर्धी देवणी होते. दर पिढीला शुद्ध देवणी वळू वापरत गेले तर क्रम असा: ५०, ७५, ८७.५, ९३.७५ आणि पाचव्या पिढीला सुमारे ९७. एक पिढी म्हणजे निदान साडेतीन-चार वर्षे, तेव्हा हे काम अठरा-वीस वर्षांचे आहे. बाजारात पांढऱ्या अंगावर काळे ठिपके दिसले की ‘देवणी’ म्हणून भाव लावतात. देवणीतले तीन प्रकार रंगावरूनच ओळखतात हे खरे: वानेरा (पांढरे अंग, तोंडाच्या बाजू काळ्या), बाळंक्या (पांढरे अंग, पोटाकडे काळे ठिपके) आणि शेवरा (पांढऱ्या अंगावर सगळीकडे वेडेवाकडे काळे ठिपके). पण रंग ठरवणारी जनुके मोजकी असतात आणि दूध ठरवणारी शेकड्यांनी. लाल कंधारी गाईला काळ्या-पांढऱ्या एचएफची मात्रा दिली की वासरू बहुधा काळे होते, कारण एचएफचे काळे जनुक प्रभावी आहे. तांबडे नाहीसे झालेले नसते, झाकलेले असते. अशी गाय पाहून ‘हिच्यात कंधारीचं काहीच आलं नाही’ म्हणणारा आणि ठिपके पाहून ‘शंभर टक्के देवणी’ म्हणणारा, दोघेही फक्त कातडीचा रंग वाचतात.

माहितीपत्रकात दुसरा मोठा आकडा असतो ‘आईचे दूध’, म्हणजे वळूच्या आईचे एका वेतातले, ३०५ दिवसांचे दूध. ४,००० लिटर लिहिलेले असते आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ४,००० लिटरची कालवड उभी राहते. प्रत्यक्षात काय येते ते मोजून पाहू. समजा वळूच्या आईच्या कळपाची सरासरी २,००० लिटर होती. म्हणजे ती २,००० लिटरने सरस. पण ही सगळी सरशी जनुकांची नव्हती. तिला खुराक जास्त मिळाला असेल, ती चांगल्या ऋतूत व्याली असेल. दुधाची आनुवंशिकता, शास्त्रातल्या अर्थाने, सुमारे ०.३ धरतात. त्या हिशेबाने तिच्या सरशीतला ६०० लिटरचा भाग जनुकांचा. त्यातला निम्मा, ३०० लिटर, तिच्या मुलाला म्हणजे वळूला गेला. वळूकडून निम्मा, १५० लिटर, तुमच्या कालवडीला. चार हजारांच्या जाहिरातीतून हातात येते ती वेताला दीडशे लिटरची वाढ, आणि तीही सरासरीने. आईच्या एकाऐवजी तीन-चार वेतांची नोंद असेल तर अंदाज जास्त भरवशाचा होतो, वाढही थोडी जास्त निघते. पण गणित हेच राहते.

इथे ‘आनुवंशिकता’ या शब्दाचा एक वापर सर्रास चुकीचा होतो. ०.३ चा अर्थ ‘गाईचे ३० टक्के दूध आईबापाकडून येते आणि ७० टक्के पेंडीतून’ असा नाही. एका कळपातल्या गाईगाईंत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ३० टक्के भाग जनुकांच्या फरकामुळे असतो, एवढाच त्याचा अर्थ. एकटी गाय समोर उभी करून हा आकडा तिला लावता येत नाही. कळप बदलला, परिस्थिती बदलली, की आकडाही बदलतो.

गुणागुणांत हा आकडा फार वेगळा असतो, आणि मात्रा निवडताना कामाची गोष्ट तीच. दुधातल्या फॅटच्या टक्क्यांची आनुवंशिकता ०.४ ते ०.५ च्या घरात, म्हणजे दुधापेक्षा चांगलीच जास्त. गाभण राहण्याच्या क्षमतेची ०.१ हूनही कमी. भूम-वाशीकडे जिथे दूध खव्याच्या भट्टीवर जाते, तिथे लिटरमागे खवा किती पडतो हे घन पदार्थांवर ठरते. अशा ठिकाणी वळूच्या माहितीत फॅटचा आकडा आधी पाहावा, लिटर नंतर. पातळ दुधाचे दोन लिटर वाढले आणि भट्टीचे सरपणही वाढले, तर मिळवले काय? संघाला गाईचे दूध घालणाऱ्याला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दरपत्रकात बसायचे असते, त्याचे गणित वेगळे. आणि ‘या वळूच्या मुली पटकन गाभण राहतात’ हा दावा कोणी केला तर फार मनावर घेऊ नये. गाभण राहणे जनुकांपेक्षा खुराक, खनिज मिश्रण, जंत आणि माज ओळखणारा माणूस यांवर जास्त अवलंबून असते.

‘आईचे दूध’ यापेक्षा भरवशाचे आकडे दोन. एक, संतती चाचणी: त्या वळूच्या पुष्कळ मुलींचे प्रत्यक्ष मोजलेले दूध. दुसरा, जनुकीय चाचणीवरून काढलेले पैदास मूल्य, म्हणजे वळूच्या मुली कशा निघतील याचा अंदाज. अशी चाचणी करणाऱ्या चिप, देशी गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या शेजारी वाशिमलाच पंतप्रधानांच्या हस्ते जाहीर झाल्या. चिपमुळे वळू तान्हा असतानाच त्याचा अंदाज बांधता येतो, मुली व्यायची पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागत नाही. पण चिपचा अंदाज ज्या गाईंच्या नोंदींवर बांधलेला असतो त्या नोंदींइतकाच चांगला असतो. देवणी आणि लाल कंधारीसारख्या, कमी गाईंची नियमित दूध नोंद होणाऱ्या जातींत तो एचएफइतका नेमका नसणार हे धरूनच चालावे. माहितीपत्रकात फक्त आईचे दूध आहे की मुलींचे आकडेही आहेत, एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याची तयारी कळते.

‘ए-२’ च्या मात्रेबद्दल थोडक्यात. दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाच्या साखळीत २०९ अमिनो आम्ले असतात. ६७ व्या जागी प्रोलिन असेल तर ए-२, हिस्टिडिन असेल तर ए-१. हे एका जनुकाचे काम आहे आणि त्याची दोन्ही रूपे एकमेकांना दाबत नाहीत. ए-१/ए-२ गाईच्या दुधात दोन्ही प्रथिने असतात. वळू ए-२/ए-२ आणि गाय ए-१/ए-२ असेल तर निम्म्या कालवडी शुद्ध ए-२ निघतील, निम्म्या मिश्र. गाय ए-१/ए-१ असेल तर एकही कालवड शुद्ध ए-२ निघणार नाही. देवणी-कंधारीत ए-२ चेच प्रमाण भरपूर असल्याने त्या मात्रेवर ‘ए-२’ म्हणून जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. संकरित गाईंना मात्रा घेताना वळूची चाचणी झालेली असेल तर चांगलेच, पण गाईचीही चाचणी केल्याशिवाय कालवडीबद्दल हमी देता येत नाही. आरोग्याच्या फायद्याचे दावे अजून पक्के सिद्ध झालेले नाहीत. त्या जोरावर दुधाला चढा भाव मिळत असेल तर तो बाजाराचा भाग समजावा.

आता दोषांकडे. होल्स्टिनमध्ये ब्लॅड, सिट्रुलिनेमिया, डम्प्स आणि फॅक्टर-११ ची कमतरता असे अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसणारे, आनुवंशिक दोष आहेत. यांतला एकच सदोष जनुक अंगात असलेला वळू धडधाकट दिसतो, दूध देणाऱ्या मुली देतो, आणि त्यातल्या निम्म्यांना तो जनुक देऊन जातो. याला वाहक म्हणतात. दोन्ही बाजूंनी वाहक आले तर प्रत्येक गाभणपणात सदोष वासराची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक, ‘तीन चांगली झाली म्हणजे आता चौथे खराब’ असे नव्हे. मान्यताप्राप्त रेत केंद्रांतल्या वळूंच्या या चाचण्या झालेल्या असतात. कांडीवर, म्हणजे मात्रा भरलेल्या बारीक नळीवर, केंद्राचे नाव नसेल तर ती सुरक्षितता गेली.

लपलेले दोष उघडे पाडण्याचा हमखास मार्ग म्हणजे जवळच्या नात्यात पैदास. गावात चार-पाच वर्षे एकाच वळूच्या कांड्या येत राहिल्या तर त्याच्या मुली माजावर आल्यावर त्यांना पुन्हा बापाचीच मात्रा भरली जाते. बाप-मुलीच्या वासरात अंतःप्रजनन २५ टक्के, सावत्र बहीण-भावांच्या वासरात १२.५ टक्के. वासरू लहान निघते, वाढ खुंटते, पुढे दूध आणि गाभण राहणे दोन्ही घसरते. एचएफचे वळू देशभर शेकड्यांनी आहेत. देवणी आणि लाल कंधारीचे मोजके, म्हणून हा धोका शुद्ध देशी पैदाशीत जास्त, आणि ‘शुद्धतेच्या’ नावाखाली तोच नजरेआड होतो. उपाय फुकटातला आहे: कालवडीच्या बापाचा क्रमांक वहीत लिहून ठेवायचा आणि कांडीवर तोच क्रमांक दिसला तर ती परत पाठवायची.

वासरू व्यंगाचे झाले की वळूला शिव्या देण्याआधी एक भेद लक्षात घ्यावा. जन्मजात वेगळे आणि आनुवंशिक वेगळे. दुष्काळी वर्षात गाभण गाय महिनोन्महिने नुसत्या वाळल्या कडब्यावर राहिली, हिरवे पान तोंडाला लागले नाही, तर अ जीवनसत्त्वाच्या अभावाने वासरू आंधळे जन्मू शकते. ते जन्मजात आहे, पण वारशाने आलेले नाही. त्याच गाईला पुढच्या वेताला तीच मात्रा आणि हिरवा चारा दिला तर वासरू डोळस होईल. तसेच जुळ्यांचे: गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ असते, कारण गर्भाशयात दोघांचा रक्तपुरवठा जोडला जाऊन गोऱ्ह्याची संप्रेरके तिच्यात जातात. (रक्ताने काही गेले असे म्हणायचेच असेल तर ते इथे.) तीही वळूची चूक नव्हे.

लिंगवर्गीकृत मात्रा हा सध्याचा सर्वाधिक जाहिरातीचा माल, आणि तंत्र म्हणून तो खरा आहे. वासराचे लिंग बापाकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते. एक्स असलेल्या शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. रंगद्रव्य लावून यंत्रातून एकेक शुक्राणू सोडतात, जास्त चमकणारा वेगळा काढतात. यातून सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात. शंभर टक्के नाही, दहात एक गोऱ्हा होणारच. ‘हमी’ हा शब्द कोणी वापरला तर तो विक्रेत्याचा आहे, यंत्राचा नाही. वाशिमच्या त्याच कार्यक्रमात वर्गीकरणाचे देशी तंत्रही जाहीर झाले आणि मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असे सांगितले गेले.

किंमत फक्त पैशांत मोजू नये. साध्या कांडीत सुमारे २ कोटी शुक्राणू भरतात, वर्गीकृत कांडीत २० ते ४० लाख, तेही यंत्राच्या माऱ्यातून गेलेले. म्हणून गाभण राहण्याचे प्रमाण साध्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी येते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. चांगल्या कालवडींत साध्या मात्रेने शंभरात ४० गाभण राहिल्या तर सुमारे २० कालवडी जन्मतील. वर्गीकृतने ३० गाभण राहिल्या तर २७ कालवडी. सात जास्त, फायदा आहे. आता उलटणाऱ्या, गर्भाशय बिघडलेल्या गाई घ्या. साध्या मात्रेने २० गाभण, १० कालवडी. वर्गीकृतने १० गाभण, ९ कालवडी. जास्त पैसे देऊन कालवड एक कमी, आणि दहा गाई आणखी २१ दिवस रिकाम्या. म्हणूनच ही मात्रा कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, नियमित माजाच्या गाईंनाच द्यावी. दोनदा उलटलेल्या गाईला आधी तपासणी, मग साधी मात्रा.

संकरित गाईंत गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही. २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवर बंदी आहे आणि एचएफचा गोऱ्हा औताला चालत नाही. आष्टीकडच्या दूधवाल्याने वर्गीकृत मात्रा घेणे समजण्यासारखे आहे. देवणी आणि लाल कंधारीचे तसे नाही. या जाती दुधाइतक्याच, किंबहुना जास्त, बैलासाठी जोपासल्या गेल्या. देवणीची सरासरी वेताला हजार लिटरच्या आतच राहते, कंधारीची सहाशेच्या आसपास. चांगल्या देवणी गोऱ्ह्यांची जोडी बाजारात जे पैसे आणते, ते त्या गाईच्या दुधाने फिटायला बराच काळ लागेल. देवणीला सरसकट वर्गीकृत मात्रा देणे आम्हाला पटत नाही. कळप वाढवायचा असेल तेव्हाच द्यावी.

सेवेबद्दल जरा सविस्तर, कारण सगळी जनुके कितीही चांगली असली तरी ती मरण्याची जागा इथेच आहे. कांडी द्रवनत्रात (द्रवरूप नायट्रोजनमध्ये) उणे १९६ अंशांवर असते. डबा उघडल्यावर कांड्यांचा पेला मानेतल्या दवरेषेच्या (जिथवर दव गोठते त्या रेषेच्या) वर येता कामा नये, आणि हवी ती कांडी चिमट्याने काही सेकंदांतच उचलली पाहिजे. पेला वर काढून नावे वाचत बसणारा माणूस उरलेल्या सगळ्या कांड्या खराब करतो, आणि त्याचे फळ पुढच्या गावच्या गाईला मिळते. कांडी ३७ अंश पाण्यात ३० सेकंद. थर्मामीटर लावून. खिशात, बगलेत, तळहातात किंवा मेमधल्या टाकीच्या पाण्यात वितळवणे म्हणजे निम्मे शुक्राणू वाटेतच गेले. बाहेर काढल्यावर कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. कापसाच्या बुचाचे टोक गनमध्ये (मात्रा सोडायच्या लांब नळीत), बंद केलेले टोक काटकोनात कापायचे, वरून नवे प्लॅस्टिकचे आवरण. वितळवल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत भरणे संपले पाहिजे, आणि तोवर गन उन्हात ठेवायची नाही. मात्रा गर्भाशयाच्या मुखाच्या पुढे, गर्भाशयाच्या सुरुवातीलाच सोडायची, हळूहळू, निदान पाच सेकंद घेऊन.

हे सगळे गोठ्यात उभ्या असलेल्या मालकाला दिसते. गरम पाण्याचा थर्मास आणि थर्मामीटर न आणणाऱ्याकडून महागडी वर्गीकृत मात्रा भरून घेऊ नये.

वेळ मालकाच्या हातात असते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वर्गीकृत मात्रेला यापेक्षा थोडा उशीर चालतो, किंबहुना लागतो: माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांत. सोट, म्हणजे माजात योनीतून गळणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ आणि लोंबणारा हवा. गढूळ किंवा पू मिसळलेला असेल तर मात्रा वाया जाणार, त्या माजाला उपचारच करावा. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, रात्री दहाला आणि पहाटे एक चक्कर मारल्याशिवाय तो सापडत नाही. भरल्यानंतर १८ ते २४ व्या दिवसांत गाईवर नजर ठेवावी, आणि पुन्हा माज दिसला नाही तरी दोन-तीन महिन्यांनी हात घालून तपासणी करून घ्यावी. ‘उलटली नाही म्हणजे गाभण’ धरून सहा महिने पोसलेली भाकड गाय हा या भागातला नेहमीचा तोटा.

शेवटी नोंद. भरल्यावर रिकामी कांडी मागून घ्यावी. तिच्यावर केंद्राचे नाव किंवा संक्षेप, जात, वळूचा क्रमांक आणि गोठवल्याची तारीख किंवा बॅच छापलेली असते. पावतीवर हाच क्रमांक, तारीख, माज कितवा आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक असावा, आणि सरकारी ॲपवर नोंद झाली की नाही ते तिथेच विचारावे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या हर्सूल इथे पशुधन विकास मंडळाची गोठित रेत प्रयोगशाळा आहे, उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. वळूच्या क्रमांकावरून त्याची जात, आईचे दूध आणि चाचण्या विचारायच्या तर क्रमांक हातात हवा. कांडी दाखवायला नकार देणाऱ्याची मात्रा कितीही टक्क्यांची असली तरी तिच्यापोटी जास्तीचा रुपया देऊ नये.